आधी कांदा, मग आकृती

नववीच्या वर्गात कांदा आला की पहिली पाच मिनिटं फुकट जातात. कुणी डोळे पुसायचं नाटक करतं, कुणाला भजी आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या ज्या माध्यमिक शाळेत हा तास पाहिला, तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी ही पाच मिनिटं मुलांना सरळ देऊनच टाकली होती. मग एकच सूचना : पुस्तकं दप्तरात, दप्तरं भिंतीशी. टेबलावर कांदे, अर्धं ब्लेड, चिमटा, आयोडीनची बाटली, काचपट्ट्या. सूक्ष्मदर्शक दोन. त्यातल्या एकाचा आरसा कधीच निखळलेला, म्हणून त्याच्याखाली मोबाइलचा टॉर्च.

कांद्याची एक जाड पाकळी घेऊन उलटी मोडायची, म्हणजे आतल्या खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा सुटतो. तो सुरकुती न पडता पाण्याच्या थेंबावर पसरायचा, वर आयोडीनचा थेंब टाकायचा आणि आच्छादक काच तिरकी टेकवून सुईनं हळूहळू खाली आणायची. ज्यानं काच धपकन सोडली, त्याच्या पट्टीत हवा अडकते. वर्गातली पहिली आरोळी त्याचीच असते.

“बाई, पेशी दिसली!”

“गोल आहे? कड काळीकुट्ट? मध्ये काहीच नाही?”

“हो!”

“हवा आहे ती. पुन्हा कर.”

खऱ्या पेशी दिसल्यावर मात्र आरोळी आली नाही. लांबट, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या खोल्या आणि प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी ठिपका. तो केंद्रक. बहुतेक पेशींत तो मध्यभागी नव्हताच, भिंतीला टेकून बसला होता, कारण मधली सगळी जागा रिक्तिकेनं बळकावलेली असते. मुलं वहीत काढत होती. ज्यांनी सवयीनं केंद्रक मधोमध काढला, त्यांना बाईंनी पुन्हा रांगेत उभं केलं. आणि मग मागच्या टेबलावरून एक प्रश्न आला, ज्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप होता : “बाई, हरितलवक कुठंय?”

आदल्या वर्षीच्या पुस्तकात वनस्पतिपेशीची आकृती होती. तिच्यात हिरव्या रंगाची हरितलवकं होती आणि परीक्षेत ती दाखवली नाहीत तर गुण जात होते. इथे एकही नाही. बाईंनी उत्तर दिलं नाही. “कुठं असायला हवं होतं?” एवढंच विचारलं. एक मुलगी म्हणाली, कांदा जमिनीत असतो, त्याला ऊन कुठलं? लगेच दुसरा म्हणाला, पण पात तर हिरवी असते. पातीचा पातळ काप काचपट्टीवर आला. त्यात हिरवे ठिपके खच्चून भरलेले. एकच कांदा, एकाच रोपाच्या पेशी, आणि दोन वेगवेगळी चित्रं.

पुस्तकातली वनस्पतिपेशी कुठल्याही झाडात सापडत नाही, हे त्या दिवशी चाळीसेक मुलांना कळलं. ती आकृती म्हणजे अनेक पेशी पाहून झाल्यावर कुणीतरी काढलेला सारांश आहे. सारांश वाईट नसतो, पण तो शेवटी यायला हवा. आपल्याकडे जीवशास्त्राची सुरुवातच त्यानं होते, आणि पुष्कळदा शेवटही.

याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. दहावीच्या बोर्डात विज्ञानाच्या दोन भागांना लेखी परीक्षेचे ४०-४० गुण आणि प्रात्यक्षिकाचे २०. लेखी परीक्षेत ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ हा प्रश्न ठरलेला. मुलं आकृती पाठ करतात. पेन्सिलीनं, छायांकन न करता, नावांच्या रेघा उजवीकडे पट्टीनं आखून. प्रात्यक्षिकाचे २० गुण शाळेच्या हातात असतात आणि ते जर्नलवर बेततात. जर्नल म्हणजे साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. यातलं निरीक्षण आणि निष्कर्ष कित्येक शाळांत प्रयोगाच्या आधीच लिहून झालेलं असतं, कारण मागच्या वर्षीच्या ताईचं जर्नल घरात असतं. शिक्षकांना यात दोष देणं सोपं आहे. ३५-४० मिनिटांच्या तासिकेत, साठ मुलांच्या वर्गात, दोन सूक्ष्मदर्शकांवर कांदा दाखवून बघावा, म्हणजे कळतं.

तरी भौतिकशास्त्राचं इतकं बिघडत नाही. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर सगळ्यांचं जवळजवळ सारखंच येतं, आधी लिहिलं काय नि नंतर लिहिलं काय. जीवशास्त्रात उन्हातलं पान आणि सावलीतलं पान वेगळं, सकाळी तोडलेलं आणि दुपारी तोडलेलं वेगळं. जिवंत वस्तू पुस्तकाप्रमाणे वागत नाही, आणि त्या न वागण्यातच या विषयाचा सगळा मजकूर आहे. तो मजकूर आधी लिहिलेलं निरीक्षण खाऊन टाकतं.

निरीक्षण आधी छापायचंच नाही, असा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारच्या राज्यात होऊन गेला. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम) १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे दोन संस्था होत्या, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली जीवशास्त्राची नोकरी सोडून तिथे गेलेले. मुंबईशी असलेलं नातं तेवढंच नव्हतं. त्याआधी मुंबई महापालिकेच्या काही शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचे प्रयत्न झाले होते आणि त्यातल्या शास्त्रज्ञांचा हात होशंगाबादलाही लागला. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये तो पुढे न्यायला एकलव्य ही संस्था उभी राहिली.

त्यांच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रश्न होते, कृती होत्या, उत्तरं नव्हती. उत्तर मुलानं वहीत लिहायचं. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती, शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा. मुलांना पडणारे प्रश्न पत्रानं पाठवायला ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं आणि त्याच्या नावे मुलांना खरी उत्तरं जात. पुण्यात टेल्कोत काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून या कार्यक्रमात गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे त्यांचे सांगाडे तिथलेच. पुढे आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रातून ते महाराष्ट्राला माहीत झाले. २००२ मध्ये राज्य सरकारनं कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांत चाललेली गोष्ट एका निर्णयानं थांबली, यावर आपल्याकडे फारशी चर्चाही झाली नाही.

होशंगाबादची मर्यादा अशी की ते आठवीपर्यंतच होतं. जीवशास्त्राला खरी गोडी येते ती नववी-दहावीत, आणि नेमकी तिथेच बोर्डाची सावली पडते. म्हणून आज या इयत्तांत हातानं जीवशास्त्र शिकवणारी माणसं दिसतात ती एकेकटी, आपापल्या शाळेत, बहुतेक वेळा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर.

मुंबईच्या उपनगरातल्या एका शाळेत सर आयोडीनचा तास घेतात. मुलांनी घरून काहीही आणायचं : बटाटा, पोहे, साबुदाणा, कच्चं केळं, पिकलं केळं, काकडी, कांदा. थेंब टाकायच्या आधी प्रत्येकानं फळ्यावरच्या तक्त्यात अंदाज लिहायचा. हा अंदाज सरांना निकालापेक्षा महत्त्वाचा वाटतो. एकदा लिहून ठेवलं की मुलाला मागे फिरता येत नाही. बटाटा काळा-निळा होतो, साबुदाणा तर विचारूच नका. कच्चं केळं काळं पडतं, चांगलं पिकलेलं जेमतेम, कारण पिकताना स्टार्चची साखर झालेली असते. कांदा मात्र पिवळट तपकिरीच राहतो. कांदा आपला साठा स्टार्च म्हणून करत नाही, निरनिराळ्या शर्करा म्हणून करतो. मंद आचेवर परतलेला कांदा लालसर आणि गोड का होतो, हे सांगायला मग सरांची गरज लागत नाही.

पुढच्या आठवड्यात पानाची पाळी. हा प्रयोग मूळ जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस फॉन साक्सचा, १८६० च्या दशकातला, आणि आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तो आहे. कुंडी दोन दिवस अंधारात, मग पानाच्या थोड्या भागावर काळा कागद लावून ती उन्हात. पान आधी पाण्यात उकळायचं, मग स्पिरिटमध्ये. हरितद्रव्य उतरतं, पान पांढुरकं कडक होतं. ते कोमट पाण्यात मऊ करून वर आयोडीन. सर स्पिरिटची परीक्षानळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतात आणि त्याआधी बर्नर विझवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेतात. स्पिरिटच्या वाफा केव्हा पेट घेतील याचा नेम नाही, आणि या प्रयोगाची सगळी बदनामी त्या एका पायरीमुळे आहे.

एका गटानं जास्वंदीऐवजी कुंडीतल्या कांद्याची पात घेतली. पान तपकिरी राहिलं. जर्नलच्या हिशेबानं प्रयोग फसला. दुसऱ्या शाळेत त्या मुलांनी शेजारच्या गटाचं पाहून ‘पान निळे-काळे झाले’ लिहिलं असतं. इथे प्रश्न निघाला की पातीत प्रकाशसंश्लेषण होतच नाही का? अर्ध्या तासाच्या वादानंतर एका मुलानं मुद्दा पकडला : आपण प्रकाशसंश्लेषण तपासलंच नाही, आपण स्टार्च तपासला. पातीनं उन्हात केलेली साखर साखरच राहिली. पुस्तकातल्या निष्कर्षाच्या वाक्यात हा फरक कुठेच येत नाही, आणि तो आला नाही तर प्रयोगाला अर्थही राहत नाही.

मग स्टार्च सोडून ऑक्सिजनच्या मागे कसं लागायचं? त्यासाठी सरांकडे पालक आहे. पानाच्या गोल टिकल्या स्ट्रॉनं पाडायच्या, दहा टिकल्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये घालायच्या, वर खाण्याच्या सोड्याचं अगदी पातळ पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. सिरिंजचं तोंड बोटानं दाबून दट्ट्या मागे ओढला की पानातली हवा निघते आणि टिकल्या बुडतात. मग ते पाणी पेल्यात ओतून उन्हात ठेवायचं. सोड्यातून कार्बन डायऑक्साइड मिळतो, पानात ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे साठतात आणि टिकल्या एकेक करून वर येऊ लागतात. शेजारचा झाकलेला पेला तसाच. दर मिनिटाला किती वर आल्या, याचा आलेख निघतो. यान इंगेनहाउझनं १७७९ मध्ये पाण्यातल्या वनस्पतीचे बुडबुडे पाहून जे ओळखलं, ते इथे घड्याळ लावून मोजता येतं. खर्च एका सिरिंजचा आणि पालकाच्या जुडीचा. माध्यमिक वर्गासाठी यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही, आणि तो जर्नलात नाही.

सगळेच हाताचे उपक्रम इतके गुणी नसतात. केळं कुस्करून, साबण, मीठ आणि थंड स्पिरिट घालून डीएनएचे पांढरे तंतू काढायचा प्रयोग विज्ञान प्रदर्शनांत फार लोकप्रिय आहे. मुलं फोटो काढतात, प्रमुख पाहुणे खूश होतात. पण त्या चिकट गोळ्यात डीएनएबरोबर बरंच काही असतं, आणि तो पाहून डीएनएबद्दल नवं काही कळत नाही. त्यापेक्षा फ्रीडरिश मीशरची हकीकत सांगावी. १८६९ मध्ये ट्युबिंगेनमध्ये त्यानं दवाखान्यातल्या पूभरल्या पट्ट्या धुऊन त्यातल्या पेशींच्या केंद्रकांतून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. किळस येते आणि म्हणून लक्षात राहते. नाडी मोजायचा तास याच्या उलट. तीस उड्या मारून पंधरा सेकंदांचे ठोके मोजायचे आणि चारनं गुणायचं, एवढाच. साधा, फुकटचा, पण वर्गातल्या प्रत्येकाचा आकडा निराळा येतो आणि कबड्डी खेळणारी मुलगी सगळ्यांत आधी पूर्ववत होते. यातून काय काढायचं ते मुलं काढतात. कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी का घालायचं हेही परासरणाच्या तासाला घरचे सांगूनच पाठवतात.

आनुवंशिकतेत मात्र जपून पावलं टाकावी लागतात. पुण्याजवळच्या एका शाळेत बाई दोन नाण्यांवर मेंडेल शिकवतात. छाप म्हणजे प्रभावी जनुक, काटा म्हणजे अप्रभावी. प्रत्येक जोडीनं दोन्ही नाणी सोळा वेळा उडवायची. हिशेबानं बारा उंच, चार बुटकी. प्रत्यक्षात कुणाचं नऊ-सात, कुणाचं चौदा-दोन. पण मुलांना ३:१ आधीच ठाऊक असतं, त्यामुळे वर्गात १२:४ चा सुळसुळाट होतो. बाई म्हणतात, “दहा गटांपैकी सात गटांचं बारा-चारच आलं? मग नाणी माझ्यासमोर उडवा.” सगळ्या वर्गाची बेरीज केली की गुणोत्तर तीनाच्या आसपास सरकतं. मग फळ्यावर मेंडेलचे स्वतःचे आकडे येतात : गोल वाटाणे ५४७४, सुरकुतलेले १८५०. भागाकार २.९६. पिवळे ६०२२, हिरवे २००१, म्हणजे ३.०१. इतकं जवळ जायला इतके वाटाणे मोजावे लागले. आणि गंमत म्हणजे १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनं मेंडेलवरही हाच संशय घेतला होता, की त्याचे आकडे जरा जास्तच सुबक आहेत. त्या वादावर आजही लिहिलं जातं. मुलांना हे ऐकून फार बरं वाटतं.

याच धड्याला अनेक वर्गांत जीभ गुंडाळायला लावतात. ज्याला जमतं त्याच्याकडे प्रभावी जनुक, ज्याला जमत नाही त्याच्याकडे नाही. ही कल्पना आल्फ्रेड स्टर्टेव्हंटनं १९४० मध्ये मांडली. नंतर एकसारख्या जुळ्यांत एकाला जमतं नि दुसऱ्याला नाही असं आढळलं आणि खुद्द स्टर्टेव्हंटनंही ती सोडून दिली. वर्गात मात्र ती टिकली, कारण तिला साहित्य लागत नाही. पुण्याच्या बाईंनी हा उपक्रम बंद केला तो एका मुलाच्या प्रश्नानंतर. आईला जमत नाही, बाबांना जमत नाही आणि मला जमतं, मग मी कुणाचा? पुस्तकी नियमानं त्याचं उत्तर भयंकर येतं, आणि नियमच चुकीचा आहे. जीभ गुंडाळण्याऐवजी बाई आता वर्गाची उंची मोजून आलेख काढतात, ज्यात उंच आणि बुटके असे दोन ढीग पडतच नाहीत.

प्राण्यांची चिरफाड आता इतिहासजमा झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ मध्ये ती टप्प्याटप्प्यानं कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये पदवी स्तरावरही थांबवायला. हळहळण्यासारखं त्यात काही नाही, पण कापून आत बघण्याची संधी मुलांना मिळायला हवी, आणि ती फुलात मिळते. शाळा जास्वंद वापरतात, कारण ती मोठी आणि बारमाही. तिची एक अडचण कुणी सांगत नाही : बागेतल्या जास्वंदीला आपल्याकडे फळ सहसा धरतच नाही. परागण, फलन, बीजांडाचं बी हे सगळं शिकवायचं आणि मुलानं फळ मागितलं की गप्प बसायचं. त्याऐवजी भेंडीचं फूल घ्यावं. त्याच कुळातलं, तसाच पुंकेसरांचा नळा, पण पाकळ्या बाजूला करून अंडाशय आडवा कापला की आत चक्क इवलीशी भेंडी दिसते, कप्पे आणि त्यातली बीजांडं सकट. शेजारी भाजीवाल्याची भेंडी कापून ठेवली की शिक्षकाला बोलायचं काही उरत नाही. फूल सकाळी लवकर तोडावं लागतं, दुपारनंतर ते मिटतं.

लातूर भागातल्या एका शाळेचे सर तर वर्गच शेतात नेतात. श्रावणात, सोयाबीन महिना-दीड महिन्याचं झालं की. पुस्तकात शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरच्या गाठी आणि त्यातला, हवेतलं नत्र रोपाला मिळवून देणारा रायझोबियम जिवाणू हा एका परिच्छेदाचा विषय. पहिल्या वर्षी रोप उपटल्यावर शेतकऱ्याच्या पोरानं सरांना सांगितलं, हा रोग आहे, आमच्या टोमॅटोला पण येतो. सर हसले नाहीत, कारण पोरगं अर्धं बरोबर होतं. टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी सूत्रकृमींच्या असतात आणि त्या सोयाबीनवरही येऊ शकतात. फरक हातानं कळतो. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखानं अलगद सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ती काढायला गेलं की मूळ तुटतं. मग सुटलेली गाठ ब्लेडनं कापायची. आत गुलाबी-लालसर असेल तर ती कामाला लागलेली आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. पांढरी असेल तर ती नुसतीच बसून आहे.

सरांनी मुलांना गट करून वेगवेगळ्या शेतांत पाठवलं. प्रत्येक शेतातून पाच रोपं, मुळांभोवतीची माती सैल करून काढलेली, पाण्यात धुतलेली. गाठी मोजायच्या, कापायच्या, गुलाबी किती आणि पांढऱ्या किती ते लिहायचं. आकडे फळ्यावर आले तेव्हा काही शेतांत गाठी भरघोस आणि काहींत अगदीच तुरळक. मुलांनी आधी जमिनीला दोष दिला, मग बियाण्याला. शेवटी एका मुलीनं घरी विचारून आणलेला आकडा फळ्यावर लिहिला, युरियाच्या पोत्यांचा. मग सगळ्यांनी आपापल्या घरचा आणला. जिथे युरिया जास्त, तिथे बहुतेक ठिकाणी गाठी कमी. आयतं नत्र मिळत असेल तर रोप जिवाणूंना पोसायच्या भानगडीत पडत नाही. हे शास्त्राला ठाऊक आहे, पण त्या गावात ते दहावीच्या वहीतून घरी गेलं. दोन-तीन वडील शाळेत आले. एकानं पटत नाही म्हणून सांगितलं, कारण पाऊसही त्या शेतात कमी झाला होता. सरांना तो आक्षेप योग्य वाटला, त्यांनी तो मुलांना लिहून घ्यायला लावला.

यंदा त्यांनी बेत बदलला आहे. एकाच शेतात दोन पट्टे, एकाला युरिया आणि एकाला नाही, आणि दोन्हीतून रोपं दोनदा उपटायची, युरिया पडायच्या आधी आणि नंतर. पाऊस दोघांना सारखाच. बहुतेक घरं पट्टा सोडायला तयार झाली आहेत. एक आजोबा तेवढे अडून बसलेत. त्यांचं म्हणणं, उपटलेल्या रोपांचं आणि त्या पट्ट्यातल्या उत्पन्नाचं नुकसान शाळा भरून देणार असेल तरच बोला, आणि मुख्याध्यापकांना अशा खर्चाचं शीर्ष कुठल्याच अनुदानात सापडलेलं नाही.